सगळ्या इंजिनांची गाडी

माय, काल नातीबरोबर खेळण्यांच्या दुकानात गेले होते. तिच्या लेकाला, म्हणजे तुझ्या खापरपणतूला, आता बसता येतं आणि हाताला लागेल ते तोंडात जातं. त्याला आगगाडी घ्यायची असं घरात ठरलं. नात खोक्यांवरचं बारीक अक्षर वाचत बसली. मी मात्र एक गाडी उचलली, चाकं ओढून पाहिली, कडेवरून अंगठा फिरवला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून ती स्वतःच्या कपाळावर हाणून घेतली. दुकानदाराचं लक्ष होतं. त्यानं नातीला हळूच विचारलं, आजींची तब्येत बरी आहे ना. नात लाजून चूर झाली आणि मला हसू आवरेना. गाडी काही आम्ही घेतली नाही, तिची कड बोचरी होती. पण घरी येईपर्यंत सारखी तूच डोळ्यांसमोर होतीस, म्हणून आज दुपारी वही घेऊन बसले आहे.

त्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे जालन्याला आले, ती परत सासरी जायचं नावच घेईना. आधी पाऊस थांबेना, मग सासरची घनसावंगीकडची वाट चिखलानं बंद झाली, मग बाळाला खोकला झाला, मग माझ्या पाठीला कळ आली. खरं कारण म्हणजे मला तुझ्या हातच्या भाकरीची चटक लागली होती आणि तुलाही ते कळत होतं. बघता बघता लेकाला दोन दात आले, दिवाळी गेली आणि स्टेशनाजवळचं कापसातली सरकी काढायचं जिन सुरू झालं. तू तिथं बायांच्या रांगेत बसून यंत्रात कापूस घालायचीस. त्या बायांपैकी कितीतरी लेकुरवाळ्या. लेकरू कुठं ठेवणार? कपाशीच्या ढिगाआड फडक्यावर टाकायचं आणि ते रडू नये म्हणून सकाळीच अफूची बारीक गोळी दुधात कालवून द्यायची. निजामाचं राज्य होतं, अफू राजरोस मिळायची. कुणी लपवत नव्हतं, आणि कुणाला त्यात वावगंही वाटत नव्हतं. मलासुद्धा वाटत नव्हतं, हे इथंच सांगून टाकते.

मग तुझ्या शेजारी बसणाऱ्या बाईचं लेकरू एक दिवस दुपारी पाजायच्या वेळेला उठेना. तोंडावर पाणी मारलं, तळवे चोळले, तू त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्यास. दिवस मावळायला आला तेव्हा ते एकदाचं रडलं. त्या रात्री तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी तू थेट शेठजींसमोर जाऊन उभी राहिलीस आणि सरकीची रिकामी खोली मागितलीस. लेकरं मी सांभाळते म्हणालीस, एकालाही गोळी देऊ देणार नाही. शेठजी माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यामागे मुकादम उभा होता आणि त्याचं म्हणणं असं, की जागी लेकरं रडणार, रडली की बाया उठून पळणार आणि यंत्रं मोकळी फिरणार. शेवटी एक महिना ठरला. महिनाभरानं शेठजी स्वतः येऊन बघणार. खोलीत रडारड दिसली तर खोली परत सरकीला आणि लेकरं परत ढिगाआड.

म्हणजे बारा लेकरं दिवसभर जागी आणि गप्प ठेवायची होती, आणि तुझ्याकडे होतं काय? एक खुळखुळा, आणि मी. मला तू विचारलंही नाहीस, माझं पोर काखेत मारून चालायला लागलीस आणि मी मागून आले. जिनाच्या भिंतीपलीकडून गाडी जायची. शिट्टी झाली की रडणारी लेकरंसुद्धा क्षणभर थांबून तिकडं बघायची. तेवढ्यावरून तू ठरवलंस, ह्यांना आगगाडी पाहिजे. तुझं ठरलं की ठरलं.

पहिली गाडी कुंभारानं दिली, मातीची. ती दुपारपर्यंत टिकली. तुकडे झाले याचं तुला काही वाटलं नाही, पण निम्मे तुकडे सापडेनात तेव्हा तू एकेकाच्या तोंडात बोट घालून फिरत होतीस. तेवढ्यात माझा नवरा आम्हाला भेटायला आला आणि येताना हैदराबादेहून कुणाकडून तरी मागवलेली पत्र्याची गाडी घेऊन आला. चावी दिली की गोल गोल पळायची. लाल, हिरवी, इतकी देखणी, की मला नवऱ्याचा अभिमान वाटला. तू ती हातात घेऊन कडेवर अंगठा फिरवलास आणि वर फळीवर ठेवून दिलीस. "ही बापानं खेळायची गाडी हाय," म्हणालीस, "लेकराची दुसरी बघू." आणि खरंच, तो दोन दिवस राहिला ते दोन्ही दिवस ती गाडी काढून स्वतःच चावी देत बसला होता.

तो गेल्यावर मी ती फळीवरून खाली काढली. बापानं एवढ्या हौसेनं आणलेली, म्हटलं पोरानं एकदा तरी खेळावी. पोराचं बोट कापलं आणि ते बोट त्यानं तोंडात घातलं, त्यामुळे रक्त दिसलं ते ओठावर. तू धावत आलीस, हळद दाबलीस, त्याला खांद्यावर घेतलंस आणि माझ्याकडे न बघता बोललीस, "लेकरू झालं तुला, पर आई व्हायची राह्यलीस." बस, तेवढंच. तू नंतर विसरूनही गेली असशील. मी एकोणीस वर्षांची होते, माय. मी परसात जाऊन भांडी घासायला बसले आणि घासलेलीच भांडी परत घासत राहिले.

त्यानंतर आपण खरादीचाचांकडे गेलो. लाकूड कातून पोळपाट-लाटणी आणि पाळण्याचे खांब करणारे म्हातारे. धनुकलीच्या दोरीनं लाकूड फिरवायचे आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवायचे. तो रंग कितीही चोखला तरी जात नाही, हे तुला पसंत पडलं. पण लाकूड तू निवडलंस आणि तिथं घोटाळा केलास. कडुनिंब! कीड लागत नाही, औषधी असतं, लेकरांच्या पोटालाही बरं, असं तू चाचांना वर समजावून सांगितलंस, आणि रंगसुद्धा नको म्हणालीस, औषध लाखेखाली झाकलं जाईल म्हणून. त्यांनी मान डोलावली आणि ओल्या कडुनिंबाची गाडी करून दिली. ती मजबूत होती यात शंका नाही. खोलीत नेऊन दिली तर पहिल्या लेकरानं चोखली, तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं. त्याचं बघून दुसऱ्यानं चोखली. घटकाभरात बाराच्या बारा लेकरं रडत होती, बाया यंत्रं सोडून धावत आल्या आणि मुकादम दारात उभा राहून नुसता मिशीतल्या मिशीत हसला. तू एवढुसं तोंड करून बसली होतीस. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मी पदर तोंडात कोंबून हसत होते.

मग तू चिडून कामाला लागलीस. लाकूड शिवणीचं घ्यायचं, हलकं आणि बिनचवीचं. चाक एवढं मोठं, की मोठ्यात मोठं लेकरू पुरतं तोंड उघडून रडत असलं तरी आत जाऊ नये. त्यासाठी तू कणकेचा गोळा घेऊन रडणाऱ्या तोंडांचं माप घेत फिरलीस. खिळा एकही नको, सगळ्या लाकडाच्या खुंट्या. नवी गाडी आली की आधी रात्रभर पाण्याच्या घागरीत, कारण बारा लेकरांच्या खोलीत कोरडं असं काही राहत नाही. सकाळी ती स्वतःच्या कपाळावर हाणून बघायचीस, कारण लेकरं एकमेकांच्या कपाळावर हाणणारच. आणि शेवटी ती माझ्या पोराच्या हातात. त्यानं तीन गाड्यांची चाकं काढली. तू प्रत्येक वेळी त्याचा मुका घेऊन मोडकी गाडी चाचांकडे घेऊन जायचीस.

चौथी गाडी मोडली नाही. इंजिन आणि अकरा डबे, प्रत्येकाला एक. आपण दोघी खुशीत. पण लेकरांना डबे नकोच होते. धुराडं होतं ते इंजिनाला, मुठीत धरायला आणि हिरड्यांनी चावायला तेवढंच सोयीचं. बारा जणं एका इंजिनावर तुटून पडली आणि अकरा डबे कोपऱ्यात पडून राहिले. महिना संपायला आठ दिवस उरले होते. तू कपाळाला हात लावून बसलीस. तेव्हा मी म्हणाले, सगळीच इंजिनं करू. पहिल्यांदा तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. मग उठलीस आणि चप्पल घातलीस.

खरादीचाचांनी हातातलं काम थांबवलं. "बेटी, अशी गाडी दुनियेत कुठं असती का? सगळेच इंजन, मंग बसायचं कशात?"

माझ्या आधी तूच बोललीस. "त्याइला बसायचं न्हाई, चाचा. चावायचं हाय."

बारा इंजिनं झाली. शेठजी यायचे त्या दिवशी तू पहाटेपासून खोली सारवलीस, पाणी भरलंस, लेकरांची तोंडं पुसलीस. पुसलेलीच तोंडं परत पुसलीस. मी तुला असं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला जास्त भीती वाटली. शेठजी फाटकाशी आले म्हणून तू त्यांना घ्यायला गेलीस आणि खोलीत मी एकटी राहिले. नेमकं तेव्हाच एक लेकरू कुरकुरायला लागलं, त्याचं बघून दुसरं. इंजिनं त्यांच्या समोर पडलेली होती, पण रोजची झालेली होती. मुकादमाचा आवाज जवळ येत होता. मी अंगावर पाजत होते म्हणून तू माझ्यासाठी कोपऱ्यात गूळ ठेवला होतास. मी तो पाण्यात बोटं बुडवून कालवला आणि एकेका इंजिनाच्या धुराड्यावर फासला. बाराही इंजिनांवर. फडक्याला हात पुसला आणि उभी राहिले.

शेठजी दारात आले तेव्हा बारा लेकरं बारा इंजिनं तोंडात धरून बसली होती. हूं नाही, चूं नाही. शेठजी खोलीभर फिरले, एकेका लेकरापाशी थांबले. मुकादम आत वाकून बघत होता, कुठं कुणी झोपलंय का, कुणाला गोळी दिलीय का. सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. मग शेठजी मोठ्यानं हसले आणि त्यांनी विचारलं, "सबके सब इंजन? ये किसका दिमाग है?"

तू मला दंडाला धरून पुढं ओढलंस. "माझ्या लेकीचं, शेठजी. ही गाडी तिनं निवडली. तिला लेकराचं बराबर कळतं."

खोली राहिली. तू होतीस तोवर दर हंगामात राहिली. सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद झाल्या असं नाही, काही बाया घरून देऊनच आणायच्या आणि तू त्यांना फाटकातून माघारी पाठवायचीस. पण ढिगाआड फडक्यावर लेकरू दिसेनासं झालं. त्या संध्याकाळी खोलीत मुंग्यांची रांग लागली आणि तू मला झापलंस, की लेकरांच्या खोलीत बसून गूळ खातेस, लाज नाही वाटत. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. इतकं आवडीचं बोलणं मी उभ्या आयुष्यात खाल्लं नाही.

मरेपर्यंत तू ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस. माझ्या लेकीनं गाडी निवडली अन् लेकरं अशी रमली. प्रत्येक वेळी माझ्या ओठांवर यायचं, की लेकरं गुळात रमली होती. गूळ घटकाभरात चाटून झाला असेल आणि शेठजी तर त्यानंतरही बराच वेळ थांबले होते, तेव्हा लाकडाचाही काही गुण असेलच. किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्या वर्षी मी गप्प राहिले, कारण तू तशीच उठून शेठजींकडे गेली असतीस आणि खरं सांगून खोली स्वतःच्या हातानं बंद करून आली असतीस. पण पुढं खोली पक्की झाली, शेठजी गेले, मुकादम गेला, जिनही बंद पडलं. तेव्हा सांगायला काही हरकत नव्हती.

ही वही मी आता फळीवर ठेवीन, नातीला वाटेल आजीचा हिशेब असेल. तुला सांगितलं नाही ते तुझ्या भीतीनं नव्हे, माय. तिला लेकराचं कळतं, असं तू चारचौघांत म्हणाली होतीस. खरं सांगितलं असतं तर ते बोलणं तुला परत द्यावं लागलं असतं, आणि मला ते द्यायचं नव्हतं.