देवाच्या वाट्याची पाच पाखरे

॥ श्री ॥

नागपूर, ६ ऑगस्ट १९७९

ती. बाबांना कृ. सा. न. वि. वि.

भंडाऱ्याच्या सरकारी टसर रेशीम केंद्रात किड्यांची अंडी तपासणाऱ्याची एक जागा निघाली आहे. ही ऐकीव बातमी नाही. आमच्या प्राणीशास्त्र विभागाचे बाबू घनश्याम यांनी परिपत्रक मला स्वतः वाचून दाखवले. मुलाखत १९ नोव्हेंबरला, रुजू व्हायचे एम.एस्सी.ची परीक्षा झाल्यावर.

वर्गातले सगळे आपापली वाट शोधत आहेत. भोजराज मत्स्य खात्यात अर्ज करतो आहे, सुशीला हिवतापवाल्यांबरोबर डासांच्या मागे जाणार, आणि दोघे जण औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी बसायला तयार आहेत. मला मात्र हीच जागा हवी. ज्या किड्याच्या धाग्यावर आपले माग चालतात, तो कशाने मरतो हे मी इथे दोन वर्षे शिकते आहे.

अडचण एकच. ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळणारे लोक बाईला रानात पाऊल टाकू देत नाहीत, म्हणून केंद्राचे साहेब मुलीला घ्यायला राजी नाहीत. एखाद्या पाळणाऱ्याने माझ्याकडून काम करून घेतले, तरच मला तिथे बोलायला तोंड राहील. लाखांदूरकडच्या गोमाजीकाकांचे कोसे तुम्ही वीस वर्षे घेता. त्यांना विचाराल का? पोळ्याची सुट्टी आहे आणि सर सूक्ष्मदर्शक न्यायला देणार आहेत.

आईला नमस्कार. तुमचा लोभ या विनंतीनंतरही आहे तितकाच राहावा.

आपली
रुखमिणी

पवनी, १२ ऑगस्ट १९७९

चि. रुखमिणी हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवले. ती म्हणते, पोरगी एवढी शिकली आणि शेवटी कोशाकडेच आली, एवढ्यासाठी नागपूर कायले पाहिजे होते. शेजारची कुंताबाई विचारून गेली, रुखमिणी जनावरांची डॉक्टर होऊन राहिली ना, मग पोळ्याले आली का आमच्या म्हशीचा पाय पाहील काय. मी हो म्हणून बसलो आहे. पाहून घे, दुसरे काय.

काल गोमाजीकडे जाऊन आलो. डोक्याला तेल नाही, दाढीला वस्तरा नाही, मासळी बंद. पीक झाडावर असेपर्यंत हा त्यांचा नेम. मलाही चार हात लांब बसवले. तुझे नाव काढले तर आधी हसला. म्हणाला, बाईमाणूस रानात शिरली का अळ्या रुसून झाडाखाली उतरतेत, हे माह्या बापानं मले सांगतलं. मी म्हटले, गेली दोन साले पीक बुडाले, तेव्हा तर एकही बाई शिरली नाही, मग त्या काहून रुसल्या? शेवटी त्यानेच तोड काढली. तू शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली बसायचे, आत यायचे नाही. त्याची माणसे कोशातून निघालेली पाखरे तुझ्याजवळ आणून देतील.

कबूल असेल तर ये. घरची सगळी तुझी वाट पाहतात, आणि ती म्हैससुद्धा.

सेवकराम

नागपूर, २५ ऑगस्ट १९७९

ती. बाबांना सा. न. वि. वि.

लाखांदूरहून परस्पर नागपूरला आले, म्हणून घाईने लिहिते.

मोहाखालची जागा उत्तम. सूक्ष्मदर्शकाला ऊन लागते, ते दाट रानात मिळालेच नसते. कोशातून निघणाऱ्या पतंगांना गोमाजीकाका पाखरे म्हणतात. अळ्यांना मारणारा रोग मादीच्या पोटातून अंड्यांत उतरतो, म्हणून अंडी घालून झाली की मादी खलात वाटायची आणि तिचा थेंब काचेखाली पाहायचा. काका सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवत. मी तुमच्या हाती पाठवलेल्या निरोपाप्रमाणे त्यांनी या वेळी प्रत्येक मादीला पळसाच्या पानांचा वेगळा द्रोण केला, त्यावर क्रमांक घातला. सत्तर तपासल्या, एकवीस रोगट निघाल्या. त्यांची अंडी काकांनी स्वतः चुलीत टाकली.

पण बाबा, मी चुकले. एक ते पाच क्रमांकाचे द्रोण माझ्यापुढे आलेच नाहीत. विचारले तर म्हणाले, पहिली पाच पाखरे देवाच्या वाट्याची, त्यांची अंडी देवाच्या ऐनाच्या झाडावर चढतेत, त्यांची परीक्षा माणसानं घेऊ नाही. मी मान डोलावली आणि बस पकडली. त्या पाचांत एक जरी रोगट असली तरी देवाच्या झाडावरून रोग सगळ्या रानात जाईल. मग काकांचे पीक बुडेल आणि लोक म्हणतील, पोरगी आली म्हणून बुडाले. पुढे कोणतीच मुलगी तिथे बसू शकणार नाही.

अंडी १ तारखेच्या सुमारास फुटतील. मादी मरून वाळली तरी तपासता येते. काकांना कसे सांगावे ते मला सुचत नाही. तुम्हाला सुचेल.

रुखमिणी

पवनी, ३१ ऑगस्ट १९७९

चि. रुखमिणीस आशीर्वाद.

देवाच्या वाट्याची ती अंडी झाडावर चढली नाहीत. परवा तुझ्याकडून पाखरे तपासून घेऊन निघालो तो पवनीला न उतरता थेट गोमाजीकडे गेलो होतो.

पाखरे मला मिळाली कशी, हे तुझ्या सरांपुढे सांगायला संकोच वाटला, ते आता लिहितो. गोमाजी ऐकेना. मी त्याला विचारले, देवाले नारळ नेतोस तो कसा घेतोस? म्हणे, वाजवून. मी म्हटले, मग घरच्या चटणीचा नारळ वाजवतोस का? म्हणे, त्याले कोण वाजवते. मी म्हटले, या वेळी उलटे झाले, बापा. तुझा नारळ पोरीने वाजवून दिला आणि देवाच्या पदरात न वाजवलेला घालून राहिलास. त्याने कपाळाला हात लावला आणि पाचही द्रोण माझ्यासमोर ठेवले.

त्यांतली मेलेली पाखरे पानाच्या डब्यात घालून तुझ्याकडे नागपूरला आणली. कंडक्टरने पान मागितले, तेव्हा फार पंचाईत झाली. पाचांतली दोन रोगट आहेत हे तू सांगितलेस आणि काचेखाली मला दाखवलेस. रोगाचे ते दाणे तांदळाच्या कणीसारखे चकचकीत होते. चाळीस वर्षे सूत पाहणाऱ्या डोळ्यांना ते ओळखू आले, म्हणून गोमाजीला शपथेवर सांगता आले. देवाची वस्तू चुलीत टाकत नाहीत, म्हणून त्याने दोन्ही द्रोण चुलबंद नदीत शिरवले, पाण्यात सोडून दिले. त्यांच्या जागी तपासलेल्यांतले दोन काढले. आणि पुढच्या साली पोरगी आली का देवाची पाच पाखरे आधी पाहील, मग आमची, असे माझ्यादेखत सगळ्यांना सांगून ठेवले.

तुझ्या सरांचा चहा फार गोड होता, पण त्यांना तसे सांगू नकोस. आठवण ठेवून लिहीत जा.

सेवकराम

नागपूर, ५ नोव्हेंबर १९७९

ती. बाबांना सा. न. वि. वि.

दिवाळीत घरून निघताना तुम्ही पीक चांगले दिसते म्हणालात, तेवढ्यावर न लिहिता मी या तपासणीवरच्या प्रकल्पाचे शेवटचे पान कोरे ठेवले आहे. पक्के कळवा.

घनश्यामबाबू भंडाऱ्याला जाऊन आले. साहेबांनी त्यांच्याबरोबर पाठवलेले माझे प्रकल्पाचे कागद वाचले, चांगले आहेत म्हणाले. पण कागद मुलीनेच लिहिलेले, पाळणारे तिला खरोखर मानतात हे कशावरून, असा त्यांचा प्रश्न आहे. गोमाजीकाकांना एखाद्या कागदावर अंगठा उठवायला सांगू का? आईला सांगा, मी जेवते वेळेवर.

रुखमिणी

पवनी, १० नोव्हेंबर १९७९

चि. रुखमिणीस आशीर्वाद.

पक्के कळवतो. कोसे उतरवणे चालू आहे, मी स्वतः हाताने दाबून पाहिले. कवच टणक, आत पोकळ एकही लागला नाही. अळ्या मेल्या त्या मुंग्यांनी आणि पक्ष्यांनी खाल्ल्या तेवढ्याच. तुझे पान भरून टाक.

साहेबांचा प्रश्न गोमाजीला सांगितला. अंगठ्याचे नाव काढताच तो चिडला. म्हणाला, कागदाले साहेब मानत नाही म्हणतोस, आणि अजून एक कागदच देऊन राहिलास. पोरीले रानात घेतो असं मी कई म्हटलं नाही, घेणारही नाही. पण तिचं काम शिवेवरचं आहे, अन् तिनं पाहिल्याबिगर माह्या रानात आता एक अंडं चढत नाही, हे मी साहेबाले तोंडानं सांगतो.

पीक पुरते उतरले नाही, म्हणून नेम चालू आहे. तो वाढलेल्या दाढीनेच येणार, बाहेरचे खाणार नाही, आणि एस.टी.त कोणी खेटू नये म्हणून खिडकीशी त्याला बसवून मधे मी बसायचे असे ठरले. तुझ्या आईने त्याच्यासाठी वेगळा लोटा घासून ठेवला आहे. तू नागपूरहून परस्पर ये, घाबरू नकोस, आमची माया तुझ्या पाठीशी आहे.

१९ तारखेला, सोमवारी, पहाटेच्या गाडीने आम्ही निघू आणि दहाच्या आत केंद्राच्या दाराशी असू. तुझे नाव पुकारतील ते दुपारी. गोमाजी मात्र साहेब खुर्चीत बसायच्या आधीच त्यांना गाठणार म्हणतो, आणि मी त्याला अडवणार नाही.

सेवकराम