सलोख्याचा घोडा परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
सामुदायिक कला व सलोखा कक्ष,
दुसरा मजला, जिन्याला लागून.

अर्जदार: खालच्या आळीतील शिंपी, वय ५८. दोन शनिवार झाड व नऊ शनिवार घोड्याचा मागचा भाग.

विषय: आपल्या प्रवेशदालनात दोरी लावून उभा केलेला घोडा आठवड्यातून निदान एक तास वापरावयास मिळणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. २) 'घोड्याची गरज उरलेली नाही' असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

१. वरची आळी आणि खालची आळी यांच्यामध्ये एक गटार आहे व गटारावर एक फरशी आहे. ही फरशी कोणी आणि कोणाच्या अंगणात पाणी तुंबावे म्हणून सरकवली, यावरून दोन्ही आळ्यांचे बारा वर्षे बोलणे बंद आहे. बंद म्हणजे खरोखर बंद. दोन्हीकडे रतीब घालणाऱ्या दूधवाल्यास एक आळी निवडावयास सांगण्यात आले. एका म्हाताऱ्याने पलीकडच्याला नुसते 'बरं आहे ना?' विचारले, तर महिनाभर तो दिसला की लोक दारे लावून घेत. बाजारालासुद्धा आळ्यांनी वार वाटून घेतले आहेत. अर्जदाराची बायको आणि वरच्या आळीतील सुताराची बायको या सख्ख्या बहिणी, म्हणजे सुतार हा अर्जदाराचा साडू. दोघींच्या दारांत दोनशे पावलांचे अंतर आहे. बारा वर्षांत त्यांनी एकमेकींचे धुणे वाळताना पाहिले आहे, तोंड पाहिलेले नाही.

२. अशा स्थितीत आपल्या कक्षाने 'कलेतून सलोखा' हा उपक्रम आणला. प्रशिक्षक बाई शिट्टी घेऊन आल्या. सर्वांना डोळे मिटून शेजारच्याचा तळहात हाती घ्यावयास सांगण्यात आले, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या आळीतल्याचाच तळहात घेतला. मिटल्या डोळ्यांनी हे कसे साधले, हा अभ्यासाचा विषय आहे. मग मातीचे गोळे देऊन 'आपला राग घडवा' असे सांगितले. दोन्ही आळ्यांनी फरशीच घडवली, फक्त सरकवायच्या दिशा वेगळ्या. अर्जदारास झाड करण्यात आले. झाडाने काय करावे असे विचारता 'वाढा' असे उत्तर मिळाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी अर्जदार वाढला नाही. हात वर करून दोन शनिवार उभे राहिल्याने खांदा मात्र धरला, तो अजून सुटलेला नाही. हे सर्व चालू असताना आपले कर्मचारी फोटो काढत होते. 'हसा, जवळ या, अजून जवळ,' असे ते म्हणत. त्या वेळी अर्जदारास जी शिसारी आली ती लिहावयास हा कागद पुरणार नाही.

३. त्यानंतर घोड्याचे ठरले. दोन्ही आळ्यांनी मिळून एक भला मोठा घोडा करावा, आत दोन माणसे असावीत, प्रत्येक आळीचा एक. वेताचा सांगाडा सुताराने त्याच्या आळीत केला, गोणपाटाचे अंग अर्जदाराने आपल्या आळीत शिवले. मापे आपल्या शिपायाने इकडून तिकडे पोचवली. पुढचा भाग कोणाचा यावरून तीन बैठका झाल्या. शेवटी आपणच तोडगा काढलात की, पुढे वरची आळी राहील, पण घोडा एक शनिवार पुढे चालेल व एक शनिवार मागे. म्हणून हा घोडा उलटाही तितकाच सफाईने चालतो. आत शिरावयास मात्र कोणी तयार होईना. शेवटी 'ज्यांनी केला त्यांनीच शिरावं' असे म्हणून दोन्ही आळ्यांनी सुताराला व अर्जदाराला आत ढकलले. या एका गोष्टीवर त्यांचे प्रथमच एकमत झाले, याची नोंद आपल्या अहवालात दिसत नाही.

४. आतली परिस्थिती अशी: काळोख, गोणपाटाला लावलेल्या खळीचा आंबूस वास, घाम, आणि मागच्या माणसाने कमरेत वाकून पुढच्याचा पट्टा धरावयाचा. त्यामुळे अर्जदाराचे नाक नेमके कोठे येते हे साहेबांनी मनात आणावे, आणि लगेच काढून टाकावे. पहिले तीन शनिवार 'डावा', 'उजवा' याखेरीज शब्द झाला नाही. चौथ्या शनिवारी पुढील भागातून वायू सुटला. जागा कोंदट, वाट कोठेच नाही. अर्जदाराच्या तोंडून बारा वर्षांतले पहिले वाक्य निघून गेले: "मुळा खाल्लास काय रे?" मग साडू म्हणाला, "तुमच्या मेहुणीनं वाढला, साडूभाऊ. नको म्हणायची सोय आहे का?" दोघांना इतके हसू आले की घोडा जागच्या जागी हलू लागला. प्रशिक्षक बाईंनी बाहेरून शाबासकी दिली. घोड्यात जीव आला म्हणाल्या.

५. तेव्हापासून दर शनिवारी बोलणे होऊ लागले. आत कोण काय बोलतो हे बाहेरच्यास ऐकू येत नसे, कारण बाहेर आपला ढोल चालू असे. अर्जदाराची बायको शुक्रवारपासूनच निरोप घोकून घ्यावयास लावी: धाकटीचे गुडघे कसे आहेत, केस फार पांढरे झाले का, मेथीचे लोणचे अजून घालते का. या धाकटीला तिने लहानपणी कडेवर वागवले आहे. उलट निरोप येत, तेही घोड्यातूनच. गटाराचा तंटा तर सहाव्या शनिवारी सात मिनिटांत मिटला. फरशी वीतभर उचलून खाली विटा लावाव्यात, म्हणजे पाणी दोन्हीकडे तुंबत नाही. पण ही युक्ती घोड्याबाहेर आणायची कोणी, हे काही ठरेना.

६. समारंभाच्या दिवशी आपले वरिष्ठ साहेब आले. त्यांनी घोड्याच्या पाठीवर, म्हणजे अर्जदाराच्या धरलेल्या खांद्यावर, हात टेकून चाळीस मिनिटे भाषण केले. विषय पूल हा होता. त्या चाळीस मिनिटांत साडूने हळूच सांगितले की धाकटीची नजर जात आहे. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले आहेत. "ती म्हणते, दिसतंय तोवर ताईचं तोंड एकदा बघायचंय. तेव्हा साडूभाऊ, आपण असं करू, की..." इथे शिट्टी झाली. टाळ्या झाल्या. चालावे लागले. चालून झाल्यावर सुतार तोंडातून व अर्जदार शेपटीकडून बाहेर पडला, आणि दोघे आपापल्या आळीच्या गर्दीत गेले. आत परत शिरावे म्हणून अर्जदार वळला, तोवर आपल्या माणसांनी घोडा टेम्पोत घालून नेला होता. ते वाक्य तेथेच राहिले आहे. आज सात आठवडे झाले.

७. अर्जदार तीनदा आपल्या कार्यालयात आला. घोड्याभोवती मखमली दोरी आहे, पायाशी 'सलोख्याचे प्रतीक, स्पर्श करू नये' अशी पाटी आहे. अर्जदाराने स्वतः घातलेल्या टाक्याला हात लावला म्हणून पहारेकऱ्याने हटकले. आपण लेखी कळविले की, दोन्ही आळ्यांत सलोखा झाल्याचा अहवाल वर गेला असल्याने घोड्याची गरज उरलेली नाही. सलोखा झालेला नसल्यास तसे दोन्ही आळ्यांनी एकत्र बसून, एकमताने, संयुक्त सहीने लिहून द्यावे. हे पत्र अर्जदाराने बायकोला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा वाचावयास सांगितले. दुसऱ्यांदा ऐकून ती भांडी घासावयास निघून गेली, आणि बराच वेळ घासत होती.

८. महोदय, अर्जदारास आता सर्वांचाच वीट आला आहे. आपल्या दोरीचा, आपल्या पुलांचा, ज्या फोटोत अर्जदार झाड आहे त्या फोटोचा. वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा. सगळ्यांत जास्त स्वतःचा. कारण साडूच्या दाराची कडी वाजवावयास गोणपाट लागते, हे लिहिताना अर्जदारास आपल्याच हाताची किळस येते. तरी, घोडा शनिवारी एक तास मिळावा. तो हलविणे शक्य नसल्यास, कार्यालयात उभा असतानाच दोघांस आत शिरू द्यावे. चालणार नाही, पाटीस धक्का लावणार नाही. तेही नियमात बसत नसल्यास, समान लांबीचे व दोन तोंडांचे कोणतेही शासकीय आच्छादन द्यावे. हत्ती असल्यास हरकत नाही.

आपल्या बाकावर तीनदा बसून, नाव न पुकारले गेल्याने उठून गेलेला,

शिंपी, खालची आळी
सोमवार, दुपार

सोबत: १) आपल्या पत्राची प्रत. २) घोड्याच्या मापांचा कागद. ३) खांद्याबाबत डॉक्टरांची चिठ्ठी.

ता. क.: अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी अर्जदाराने बायकोस वाचून दाखवला. हत्तीपर्यंत तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुम्ही हत्तीची वाट बघा. मी जाऊन येते." आणि चपला घालून निघाली. भर साडेचार वाजता, सगळ्या आळीच्या देखत. अर्जदार यंत्रावरून उठून दारापर्यंत गेला, पुढे पाय निघाला नाही. इस्त्रीवाल्याने तिला विचारले, "वहिनी, इकडं कुठं?" ती म्हणाली, "बहिणीकडं," आणि फरशी ओलांडली. कोणीही काहीही केले नाही. एक दारही लागले नाही. बारा वर्षे कोणी करूनच पाहिले नव्हते, त्यामुळे काय करावयाचे हे कोणासच ठाऊक नसावे.

आता सात वाजत आले आहेत. ती अजून आलेली नाही. वरच्या आळीतून दोन बायकांचे एकदमच बोलणे ऐकू येत आहे, त्यात मध्येच साडूचाही आवाज लागतो. काय चालले आहे ते इथून नीट कळत नाही.

अर्ज मागे घेतलेला नाही. विनंतीत फक्त एवढा बदल करावा. पुढचा भाग आपण प्रतीक म्हणून ठेवून घ्यावा. मागचा तेवढा आज, शक्य तितक्या लवकर, पाठवावा. अर्जदारास एकट्यालाच गटार ओलांडावयाचे आहे.