बाकाभोवतीचा वळसा

ती. अक्का,

नमस्कार साष्टांग समजावा. गुडघ्यांमुळे तो लेखीच घालतो आहे. तुझी कंबर आणि भावोजींचा खोकला यांपैकी निदान एकाने तरी माघार घेतली असेल अशी आशा आहे. इकडे मी ठणठणीत आहे, पण माझा चौकातला बाक धोक्यात आहे.

आमच्या शंभर वर्षांच्या वसाहतीत पुन्हा जीव ओतायला लँडस्केप आर्किटेक्चर शिकणारी नऊ मुले आली आहेत (घर सोडून उरलेल्या सगळ्याचे आर्किटेक्ट, असे मला समजले). मी भूमापन खात्यात एकतीस वर्षे काढलेली, तेव्हा आपण होऊन मार्गदर्शन केले. विशेषतः टेपचे दुसरे टोक धरणाऱ्या मुलीला, कारण तिला ते सोडून जाता येत नव्हते. मुलांची पद्धत शहाणपणाची आहे: लोक जिथून चालतात, तिथेच फरसबंदी करायची. आता चौकातली पायवाट दुकानांपासून नळाकडे सरळ न जाता माझ्या बाकाला सतरा पावलांचा वळसा घालते. असे का, हे मुलांना कळेना. मी सांगितले, खाली बुजलेली विहीर असणार. वाडवडील ती टाळत आले आणि पावलांना सवय राहिली. (यावर तासभर बोललो. टेपवाली हजर होती.) कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारले, तर तो खाली वाकून सुई शोधू लागला.

खात्री करून घ्यावी म्हणून मुलांनी बाक उचलून पलीकडच्या झाडाखाली ठेवला. मीही अर्थात तिकडे बसू लागलो. अक्का, पंधरा दिवसांत जुना वळसा सरळ झाला आणि झाडाभोवती नवा पडला. विहीर अशी सरकत नसते, एवढे भूमापन मला येते. मी स्वतः मोजले: सतरा पावले, एकही कमी नाही. फार वाईट वाटले. शिंप्याला पुन्हा गाठले, तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्ही माणूस लाखात एक. पण तुमच्याजवळून गेलं की नळाचं पाणी जातं हो!"

पुढच्या सोमवारी मुले नकाशा मांडतील आणि बाक ठेवायचा की काढायचा, ते वसाहत हात वर करून ठरवेल. बाक गेला तर वाट सरळ होते आणि फरश्याही कमी लागतात (हा हिशेब त्यांना मीच करून दिला, येत होता, राहवले नाही). बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र खरे तर एवढ्यासाठीच: सोमवारच्या आधी चार दिवस ये आणि बाकावर माझ्या शेजारी बस. तू बोल, मी ऐकेन. मला ऐकताही येते, हे लोकांना एकदा दिसू दे.

आणखी ता. क. उत्तर पत्रानेच पाठव. मी फोन केला की भावोजी म्हणतात, तू आंघोळीला गेली आहेस. गेल्या रविवारी चार वेळा गेलीस. हवा गार आहे, जपावे.