तिकडची

१४ जुलै, सोमवार

आज माझी तीनशे बारा उत्तरं! शेजारी बसणाऱ्या वैजयंतीची एकशे चाळीस. किती वेळा सांगितलं तिला — वाचत बसू नको, कप्प्यात टाक आणि पुढं हो. पण नाही. बाईसाहेब एकेक उत्तर घरून आलेल्या पत्रासारखं वाचतात.

काम तसं सोपं आहे. अमेरिकेत ज्यांचे आईबाप, आजे-पणजे मेक्सिकोतून आले, त्यांना कुणीतरी विचारलंय — तुम्ही स्वतःला काय म्हणवता? त्यांनी आपापल्या शब्दांत लिहिलंय. पुण्याच्या कंपनीनं ते काम घेतलं आणि इथं मंचरला मेडिकलच्या वर चार कॉम्प्युटर मांडले. आम्ही उत्तर वाचायचं आणि सात कप्प्यांपैकी एकात टाकायचं. मेक्सिकन, मेक्सिकन-अमेरिकन, चिकानो, हिस्पॅनिक, लॅटिनो, नुसतं अमेरिकन. सातवा — 'उत्तर नाही'. पहिल्या दिवशी मला हसूच आलं होतं, एवढ्याशा गोष्टीला इतकी नावं! एक जण लिहितो, मला चिकानोच म्हणा. दुसरा लिहितो, ती तर शिवी, घरात तो शब्द काढला तर आई थोबाडीत देईल.

चहाच्या वेळी वैजयंती म्हणाली, "रीनाताई, तुमाला इचारलं तर तुमी काय लिवाल?" मी म्हटलं, मंचरची. पटकन तोंडातून गेलं. पणजोबा राजस्थानातून आले, त्याला शंभर वर्षं होत आली. पप्पांचं बारदानाचं दुकान इथलं, माझी शाळा इथली. तरी अख्ख्या बाजारात मी 'मारवाड्याची पोरगी'. आणि मामेबहिणीच्या लग्नाला राजस्थानात गेले तर माझं हिंदी ऐकून सगळ्या खिदळल्या — आली मराठण!

"आणि तू काय लिहिशील?" तर ती हसली. "दाखल्यावर येक हाय. कॉलेजात आदिवासी. मंचरात डोंगराकडची. आन् वस्तीवर मी नुस्ती गोकुळची बहीण."

१६ जुलै

वैजयंतीला भातलावणीसाठी चार दिवस घरी जायचंय. जुन्नरच्या पलीकडं, डिंगोऱ्याच्याही बरीच पुढं, डोंगराच्या पोटाशी तिची वस्ती. आई आणि गोकुळ दोघंच राबतायत. पण सुट्टी घेतली तर पुण्याचे सर हजेरीवरून बोलतात. मीच म्हटलं — जा गं, तुझ्या नावानं लॉगिन करून मी तुझा कोटा भरते. "नगं ताई, तुमाला तरास," म्हणाली. मी ऐकते होय!

१९ जुलै, शनिवार

दोघींचं काम करून डोळ्यांचं भजं झालंय. तिच्या नावावर जी लांबलचक उत्तरं आली ती सरळ 'उत्तर नाही'मध्ये ढकलली. काल पण, आज पण. दोनशेच्या वर असतील. कोण बघतंय!

एक मात्र डोक्यातून जाईना. टेक्सासची बाई, वय एकाहत्तर. तिनं लिहिलं होतं — आजी दार लावून घेऊन स्वतःला मेक्सिकन म्हणायची. वडील कामाच्या ठिकाणी स्पॅनिश सांगायचे. मुलगी चिकाना म्हणते. मी विचारणाऱ्याचं तोंड बघते आणि मग सांगते.

आता हिला कुठं टाकायचं? वैजयंती असती तर अर्धा तास डोकं धरून बसली असती. मी सातव्यात टाकली.

२१ जुलै

वैजयंती आली. बोटांची सालं निघालीत चिखलानं. पिशवीत दोन किलो तांदूळ — घरचा, हातसडीचा. "भाजी आणणार व्हते, लई कवळी आलीया रानात. पन चातुर्मासात तुमचं हिरवं बंद असतं ना?" मम्मी बघतच राहिली. बाजारातली माणसं तीस वर्षं शेजारी राहून विचारतात, तुम्ही लोक नक्की खाता काय!

तांदळाचा वास घरभर सुटलाय.

५ ऑगस्ट, मंगळवार

हे लिहायला नको वाटतंय. लिहिते.

दुपारी वैजयंती जरा खोलीवर गेली होती. पुण्याहून सरांचा फोन. "वैजयंतीच्या नावावर दोनशे चौदा उत्तरं चुकलीत. चांगली भरलेली उत्तरं, आणि टाकलीत 'उत्तर नाही'त! आत्ताच तिला विचारलं. म्हणते, हो सर, माझ्याकडूनच झालं." म्हणजे तिनं माझं नाव घेतलं नाही! सर पुढं म्हणाले, "तू तिच्या शेजारी बसतेस. तिला इंग्रजी समजत नाही का?"

एवढंच म्हणायचं होतं — सर, ते मी केलं. चार शब्द. फार तर बोलणी बसली असती.

मी काय म्हणाले? "सर, ती तिकडची आहे ना. डोंगरातल्या मुलींचं असंच असतं."

असंच असतं! आणि शोधावं पण लागलं नाही मला ते वाक्य. जिभेवर तयारच होतं. 'मारवाडी असेच असतात' हे ऐकून लहानपणी मी शाळेतून रडत यायचे. तीच मी. लाज वाटते.

६ ऑगस्ट

तिला काढलं. संध्याकाळी येऊन ड्रॉवरमधली पेनं घेतली, "येते ताई" म्हणाली आणि जिना उतरली. मी स्क्रीनकडं बघत होते. स्क्रीन बंद होता.

७ ऑगस्ट

तिच्या खुर्चीवर माझी पर्स ठेवते. रिकामी दिसू नये म्हणून.

१० ऑगस्ट

दुकानात एक शेतकरी पप्पांना म्हणाला, "चंपालालशेठ, मारवाडी ते मारवाडीच राव!" पप्पा नेहमीसारखे हसले, चहा मागवला. एरवी मी दोन दिवस धुमसत असते आणि पप्पांवरच चिडते. आज मी खाली मान घालून त्याची बारदानं मोजून दिली. मम्मी म्हणाली, बरं नाही का तुला? म्हटलं, डोकं दुखतंय.

मम्मीनं त्या तांदळाची खिचडी केली होती. मी दोन घास खाऊन ताट सरकवलं.

१७ ऑगस्ट, रविवार

गेले. वैजयंतीचा डबा ऑफिसात राहिला होता, तेवढं निमित्त. जुन्नरपर्यंत एसटी, पुढं जीप, मग पायी. वाटेत तीनदा वाक्य पाठ केलं — वैजयंती, सरांना मी खोटं सांगितलं.

अंबाबाईंनी, तिच्या आईनं, पायावर पाणी घातलं. "ये माय, लई लांबून आलीस. भाजीत कांदा-लसूण न्हाई घातला हां, वैजूनं सांगितलंय मला." तेवढ्यात शेजारच्या बायका गोळा झाल्या. माझ्याकडं निरखून एक म्हणाली, "कुनाची गं ही? मारवाड्याची दिसती."

वैजयंती भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "न्हाई. ही आमची रीनाताई. मंचरची."

मी जेवले. नाचणीची भाकरी, दही, वर गूळ. पाठ केलेलं वाक्य तसंच पोटात घेऊन परत आले. निघताना तिनं आणखी तांदूळ बांधून दिला. मी नको म्हणाले नाही! एवढी कशी मी हलकट?

१८ ऑगस्ट

सरांना मेल केला. ती चूक माझी, लॉगिन तिचं होतं पण हात माझे होते, ती त्या दिवसांत मंचरमध्येच नव्हती. सगळं लिहिलं.

सगळं म्हणजे — 'तिकडची' तेवढं लिहिलं नाही. ते कशाला? ते सरांना आणि मलाच माहीत. सर तर विसरले पण असतील.

२१ ऑगस्ट

सरांनी झापझाप झापलं. बाकीच्यांची उत्तरं तपासायचं जादा काम माझ्याकडं होतं, ते काढून घेतलं, पण वैजयंतीला परत बोलावलंय! ती म्हणाली, "विचार करून सांगते सर." आता ती येईलच. आज किती दिवसांनी पोटभर जेवले. पर्स तिच्या खुर्चीवरून काढली.

ती दोनशे चौदा उत्तरं पण पुन्हा माझ्याकडंच आलीत. टेक्सासच्या बाईपाशी तासभर थांबले. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवून काढलं.

२७ ऑगस्ट

संवत्सरी, आमचा क्षमा मागायचा दिवस. मम्मीचा उपवास, माझाही. प्रतिक्रमणानंतर दरवर्षीप्रमाणे सगळ्यांना मेसेज — कळत-नकळत मन दुखावलं असेल तर अंतःकरणपूर्वक क्षमा, मिच्छामि दुक्कडम्. खाली हात जोडलेलं चित्र. एकशे त्रेसष्ट जणांना एकदम गेला. वैजयंतीलाही गेला. बरं वाटलं.

२८ ऑगस्ट

सकाळी वैजयंतीचं उत्तर आलं, तिच्याच आवाजात. चार वेळा ऐकलं.

"ताई, माफीचं आलं. समद्यांना धाडलेलं दिसतंय. म्या काय परत येत न्हाई. कामाचं न्हाई वाटलं मला, तुमी माज्यासाठीच बसला व्हता. पन त्या दिवशी सरांनी माजा फोन चालू ठिवूनच तुमाला जोडलं व्हतं. मी ऐकत व्हते."

पाच तारखेला. आणि सतराला ती सगळ्या बायकांना म्हणाली होती — ही आमची रीनाताई, मंचरची.