सोमवारचं वजन

४ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला. आधी कान धरतो, मग बोलतो.

तुझी लेक टिटवी मजेत आहे. माझ्याकडे राहायला आली तेव्हा तीन जिने चढून धापा टाकत होती, आता सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास पळते. पळण्याच्या क्लबात खेळाडूंना मालिश करणं आणि दर सोमवारी सगळ्यांचं वजन वहीत लिहिणं, ही माझी दोन कामं. त्यामुळे पोरगी दिवसभर नजरेखाली असते. पन्नास किलोमीटरच्या शर्यतीला सात आठवडे राहिले. नियम कडक आहे. पहिल्या दिवशीच्या वजनापेक्षा दोन किलोच्या वर उतरलं की नाव कापायचं, आणि ते मीच कापायचं. टिटवीचं एकोणपन्नास होतं ते एकोणपन्नासच आहे.

माझा संशय दुसरीकडे आहे. टपालखात्यात पत्रं निवडणारी एक बाई आमच्यात पळते. वय बेचाळीस, वजन बहात्तर, पोरी तिला पाठीमागे पिंप म्हणतात. आठवड्यातून चारच दिवस येते, चढावर खुशाल चालते, पोटभर जेवते, दुपारी झोपते. आणि शेवटच्या दहा किलोमीटरला आपल्या सडसडीत पोरींना मागे टाकते. हे पटतं का तुला? तिच्याजवळ एक तपकिरी बाटली असते. काहीतरी घेत असणार. मी पाळतीवर आहे.

टिटवीची पळायची पँट पाठवतोय. कमरेत सैल झाली म्हणते, नवं माप सोबत लिहिलंय. आतून दोन मजबूत खिसे लावून हवेत, किल्ली आणि साखरेच्या गोळ्या ठेवायला.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त रागावू नये.

तुझा भाऊ

१२ जानेवारी

चि. भाऊस,

अ. आ. धरलेले कान सोड, माफ केलं.

पँट दुरुस्त करून पाठवते आहे. खिसे दुहेरी शिलाईचे घातलेत, दगड भरलेस तरी उसवायचे नाहीत. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ही पँट मी नोव्हेंबरात शिवली. कमरेत दीड इंच आत घ्यावी लागली, मांडीत पाऊण. आणि तू म्हणतोस वजन तेवढंच. मग जे गेलं ते गेलं कुठे? पंचवीस वर्षं मी माणसांच्या अंगावर टेप धरते आहे. कमरेतून गेलं तर दंडात तरी दिसायला हवं.

तुमचा प्रशिक्षक गोळ्याबिळ्या देतो का? की तुझा काटाच बिघडलाय? ती जेवते ते तू डोळ्यांनी पाहतोस, की डबा रिकामा झाला एवढंच पाहतोस? बाकीचं तुला विचारता येत नाही, आणि तिला विचारलं तर उत्तर येत नाही. लग्न केलं असतंस तर घरात एक तरी शहाणं माणूस असतं. त्या टपालवाल्या बाईवरची नजर जरा कमी कर, लोक भलताच अर्थ काढतील.

माया आहेच, पण उत्तर लवकर दे.

तुझी ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. माझ्या काट्यावर शंका घेतलीस हे मला लागलं. वीस किलोचं शिक्क्याचं वजन ठेवून पाहिलं, सूतभर फरक नाही. प्रशिक्षक म्हणतात स्नायू जड असतात, माप घटलं तरी वजन राहतं. गोळ्यांचं विचारलं तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शिवाय प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आमच्यात एक शाळामास्तर आहेत, सहा फूट, नुसती हाडं, रोज पळतात. एक बेकरीवाला बुटका, पोटऱ्या खांबासारख्या, तो नुसता जिना चढउतार करतो. दोघांची वेळ मिनिटाच्या फरकाने सारखी. तेव्हा टेपने सगळं कळतं असं समजू नकोस.

पिंपबाईची बाटली तपासली. ती हात धुवायला गेली तेव्हा झाकण उघडून घोटभर प्यालो. मीठ-साखरेचं पाणी निघालं. लाज वाटली, पण दुसरी बाटली नसेल कशावरून? परवा मला बाजूला घेऊन म्हणाली की तुमची भाची अर्धा डबा वाटून टाकते, आणि वजनाच्या दिवशीच तेवढं जाड जॅकेट घालते, लक्ष द्या. यापूर्वीही एकदा म्हणाली होती. टिटवी वेगात तिला गाठायला लागलीय, तेव्हा पोटात दुखणारच. मी हो हो म्हटलं आणि सोडून दिलं.

पँट पुन्हा सैल झाली, नव्या मापासह परत पाठवतोय. एक खिसाही उसवलाय. शिलाईचा तोरा जरा कमी कर.

भांडण पत्रापुरतं, बाकी जसं आहे तसं असू दे.

तुझा भाऊ

२९ जानेवारी

चि. भाऊस,

अ. आ. हे पत्र टिटवीच्या हाती पडू देऊ नकोस.

तो खिसा उलटा करून पाहिला. अस्तर आतून काळं झालंय आणि शिवणीत शिशाची एक गोळी अडकली होती, मासे धरायच्या जाळ्याला बांधतात तसली. कमरेत आणखी एक इंच कमी भरलं. पोरगी दर सोमवारी शिसं बांधून तुझ्या काट्यावर उभी राहते आहे, भाऊ. आणि ते पेलणारे खिसे मीच शिवून दिले. किल्लीला दुहेरी शिलाई कशाला लागते, एवढं मला सुचू नये? मी प्रशिक्षकावर संशय घेतला, तुझ्यावर घेतला, माझ्या पोरीवर घेतला नाही.

सोमवारची वाट पाहू नकोस. पत्र मिळेल त्या दिवशी, न सांगता, साध्या कपड्यांत तिचं वजन कर. तू करू नकोस, त्या बाईला विनंती कर. मग डॉक्टरकडे ने. आणि नाव काप. ती आपल्या दोघांचं तोंड पाहणार नाही, तरी काप. शर्यत दर वर्षी असते. मला पोरगी एकच आहे.

तुझी ताई

५ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. चव्वेचाळीस किलो सातशे भरलं.

बाईंनीच केलं. दार लावून आत दोघी होत्या, मी बाहेर बाकावर. टिटवी ओरडलेली बाहेर ऐकू आली. बाहेर येऊन बाईंनी आकडा सांगितला. मी दोनदा सांगितलं होतं, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. बहात्तर किलोच्या धडधाकट बाईवर मी महिनाभर पाळत ठेवली आणि रोज माझ्या ताटासमोर बसणारी पोर मला दिसली नाही. बारीक अंगालाच मी तयारी समजत होतो. तिच्या हाताची हाडं लागायची तेव्हा मला कौतुक वाटायचं, ताई.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके फार मंद आहेत आणि पाळी चार महिने बंद आहे. ही शर्यत पळली असती तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं. मी लिहीत नाही. नाव कापलं. टिटवी माझ्याशी बोलत नाही.

पूर्वीचा लोभ मागायला तोंड नाही, तू उरलेला दे.

तुझा भाऊ

२३ फेब्रुवारी

ती. आईस,

सा. न. नमस्कार घालायची इच्छा नव्हती, तरी घातला.

परवा शर्यत झाली. मी चाळिसाव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलावर उभी होते. सगळ्या माझ्यासमोरून गेल्या. मला तुझा, मामाचा, सगळ्यांचा राग आला होता. मला कोणी उपाशी राहा म्हटलं नव्हतं. पुढे पळणाऱ्या पोरींचे हाडकुळे गुडघे पाहून मीच हिशेब केला, एक किलो गेला की दोन मिनिटं वाचतात. आधी वाचलीही. नंतर वाचेनाशी झाली, तर मला वाटलं अजून कमी व्हायला हवं.

मामा रोज सकाळी माझ्या दाराशी दुधाचा पेला ठेवतो आणि पलीकडे लपून उभा राहतो. पडद्याखालून त्याचे पाय दिसतात. मी रोज ते मोरीत ओतत होते. आज ओतायला गेले आणि मला भूक लागली. डोक्याने ठरवलेली नाही, पोटातली. किती महिन्यांनी, ते आठवत नाही. दूध प्याले, मग स्वयंपाकघरात जाऊन कालचा भात पातेल्यातूनच खाल्ला, आणि खाताना खूप रडू आलं.

मामाला अजून सांगितलेलं नाही. तुलाही हे खरं वाटणार नाही, कारण मी तुला पुष्कळ खोटं सांगितलंय. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तू ये, आणि मी जेवताना समोर बस.

तुझी टिटवी