बारा स्टुलं आणि आमच्या टाचा

सोलापूर, बुधवार

चिरंजीव महिपतीस बजाक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा हाय? (तेल लावतोस, का नुसती बाटली बघतोस?) आमी हितं खुशाल. खुशाल म्हंजे जेवण जातं, झोप तेवढी येत न्हाय.

आनंदाची गोष्ट अशी की आपली वच्छला, माझी नात, कॉलेज शिकून मी शर्टाच्या कॉलरी शिवते त्याच कारखान्यात लागली बघ! शेठ सिद्धलिंगप्पांनी सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलीय. काम काय, तर आमा बायकांची मापं घ्यायची. कपड्यासाठी न्हाय, बसायच्या स्टुलासाठी! बसल्यावर गुडघा किती उंच, कोपर कुटं येतं. त्या मापानं बैठक केली की पाठ धरत न्हाय म्हणे. (माझी वीस वर्षं धरलीय, कुणी इचारलं न्हाय.) पण हे मला मागनं कळलं. आधी मी खुशीत साऱ्यांना साखर वाटत फिरले, आणि वाटता वाटता तोंड उघडलं.

शेजारच्या मशीनवरल्या दगडाबाईनं इचारलं, "मापं कशापायी गं?" मला ठाऊक न्हवतं, पण नातीची आजी म्हटल्यावर गप कशी बसू? म्हणाले, "उंच तेवढ्या ठेवणार, बुटक्या काढणार." झालं. मापाच्या दिवशी माझ्यासकट बाराजणी लुगड्याच्या निऱ्यांखाली टाचा उचलून बसल्या. अक्कम्मा तर नुसत्या अंगठ्यावर! वच्छी बिचारी टेप लावून लिहीत गेली.

काल त्या मापाची स्टुलं आली. बसलो, तर साऱ्यांचे पाय लोंबत. मशीनचं पायडल खाली, आमी वर. अक्कम्मा म्हणाली, "बजाक्का, आता झोका दे की!" साऱ्या हसल्या, वच्छी सोडून. ती वही घेऊन, "माझंच चुकलं असंल," म्हणत बसली. सोमवारी शेठ बघायला येणार. हे असं दिसलं तर पोरीला घरी बसवतील. त्यापायीच झोप येत न्हाय रे, आणि तिला सांगायला तोंड होत न्हाय.

तुझी अक्का,
बजाबाई

ता.क. तू सुतार माणूस. रविवारी पहिल्या यष्टीनं करवत घेऊन ये आणि प्रत्येक स्टुलाचे पाय चार बोटं उडव. वच्छीला कळायचं न्हाय.

ता.क. दुसरा. पत्ता घालायला पत्रासकट पाकीट वच्छीलाच द्यावं लागलं (माझं अक्षर पोस्टमनला लागत न्हाय). तिनं सगळं वाचलं. हसली न्हाय, रडली न्हाय. म्हणाली, "आजी, कुणी किती टाच उचलली ते लिहून ठेवलंयस का?" आता तिचा हुकूम: रविवारी बाराजणींची मापं पुन्हा, टाचा भुईला टेकवून, आणि त्याआधी खरं काय ते मी साऱ्यांपुढं सांगायचं. तवा करवत आणच, पण जरा लवकर ये. मी बोलंस्तोवर शेजारी उभा राहा.