दोन माणसांची पिशवी आणि बेबाबाईचा हक्क

मी, श्रीमती धुरपदाबाई प्रेमराज बोरसे, वय ७२, निवृत्त आरोग्यसेविका, राहणार मौजे पिंपळदरे, तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, रक्तदाब आज सकाळी मीच मोजला आहे, आणि कोणी माझ्यावर दबाव टाकलेला नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र चार ओळींचे होते: सर्व काही मुलगी दिपमाला हिला. ते रद्द समजावे. का, ते कलम दोनमध्ये येईल.

१. बँकेतील ठेव, सोन्याची पोत आणि शिवणयंत्र दिपमालाला. रक्तदाबाचे यंत्र आणि बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी गावच्या उपकेंद्राला द्यावी. नळी आता कोणी वापरत नाही, पण नव्या मुलींनी एकदा कान लावून बघावा.

२. वाटणीत माझ्या वाट्याला आलेल्या दोन खोल्या व ओटा दिपमालाच्या नावे व्हावा. मात्र माझी धाकटी जाऊ बेबाबाई रुपचंद बोरसे हयात असेपर्यंत तिथे राहील. तोवर दिपमालाने घर विकू नये, भाड्याने देऊ नये. बेबाबाईच्या वाट्याच्या मातीच्या भिंती गेल्या सप्टेंबरच्या पुरात गेल्या, आणि तिला आता नवरा नाही, मूलबाळ नाही, हे एक कारण. दुसरे मोठे आहे.

सन १९९९ मध्ये माझे यजमान धुळ्याच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. धाकटे दीर रुपचंद तेव्हा सुरतेला कामाला होते. मी एका ओळखीच्या माणसाबरोबर गावी बेबाबाईला चिठ्ठी पाठवली. यजमान तीन दिवस दाराकडे बघत राहिले. कोणी आले नाही. नंतर बेबाबाई म्हणाली, चिठ्ठी पोचलीच नाही. चिठ्ठी नेणारा माणूस मात्र म्हणाला, तिच्या हातात दिली. त्या दिवसापासून एका भिंतीआड राहून मी तिच्याशी सव्वीस वर्षे बोलले नाही.

गेल्या सप्टेंबरात धरणाचे पाणी सोडणार म्हणून गाव खाली करायला सांगितले. आम्हा दोघींना गावातल्या निंबा पवारच्या ट्रॅक्टरच्या दुसऱ्या खेपेत जायचे होते. तेवढ्यात रस्त्यावरच्या मोरीवरून पाणी आले आणि खेप झालीच नाही. ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत आम्ही दोघीच उरलो. निंबाला यात कोणी दोष देऊ नये. तो कमरेइतक्या पाण्यापर्यंत येऊन परत गेला, हे मी खिडकीतून पाहिले आहे.

माझ्यापाशी संकटात लागणाऱ्या वस्तूंची नारिंगी पिशवी होती. दिपमालाने नाशिकहून पाठवलेली, दोन माणसांना तीन दिवस पुरेल अशी. दुसरे माणूस कोण, असे मी तिला तेव्हाच विचारले होते. वस्तू उघडून बघायची मला लहानपणापासून खोड. बेबाबाईलाही ती आहे, हे मला त्या खोलीत कळले. पाण्याच्या पुड्या, विटेसारखी बिस्किटे, मूठ फिरवली की लागणारी बॅटरी, सगळे ती हातात घेऊन उलटसुलट बघत होती. चकचकीत पातळ पांघरूण तिने अंगाला गुंडाळले, काढले, परत गुंडाळले. इतका पातळ कागद ऊब कशी देतो, ते तिला हवे होते. विचारायचे कोणाला, म्हणून भिंतीला विचारत होती. मी भिंतीलाच उत्तर दिले.

दुपारी मी खिडकीत पिशवीतली शिट्टी वाजवत होते. वळून बघते तर पाणी शुद्ध करायची गोळी बेबाबाईच्या ओठांशी. तिचे डोके दुखत होते. मी हातावर फटका मारून गोळी पाडली. दिपमालाने प्रत्येक पाकिटावर मराठीत सूचना चिकटवलेली होती, "गिळू नये" असे ठळक अक्षरात. मी ते पाकीट तिच्यापुढे धरले. तिने पाकिटाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"माले वाचता येत नही, अक्का," ती म्हणाली. "तू धाडेल ती चिठ्ठी वाटनीना कागद शे असं वाटनं माले."

तेव्हा वाटणीच्या भांडणाचे दिवस होते. वाचून घ्यायला कोणाकडे जावे तर लाज वाटली. तिने कागद डब्यात ठेवला, आणि नंतर भीतीने नवऱ्यालाही खोटे सांगितले. नोकरीत मी शेकडो बायकांचे अंगठे कागदावर घेतले. घरातली बाई "चष्मा नाही" म्हणून कागद बाजूला सारते, ते माझ्या ध्यानात आले नाही. हा दोष माझा.

मग तिने विचारले, "काय लिखेल व्हतं?"

मला शब्द न् शब्द पाठ होता. मी म्हटले, "बेबा, तुझी आठवण काढतात. रुपचंदला निरोप दे, पण तू आधी ये."

"मनं नाव व्हतं?"

"पहिला शब्दच."

ती रडली नाही. एक बिस्कीट मोडले, अर्धे माझ्यापुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी शिट्टीच्या आवाजावर निंबा बोट घेऊन आला.

३. दिपमाला, अनुभवाने सांगते: तशी पिशवी तुझ्या घरीही ठेव. तीत डोकेदुखीची गोळी मात्र वेगळ्या रंगाच्या डबीत घाल.

४. वरील मजकूर लिहू का, असे मी बेबाबाईला विचारले. "लिख, आते कसानी लाज," म्हणाली. माझ्या पश्चात या कागदाची प्रत तिच्या हातात देऊन कोणी निघून जाऊ नये. शेजारी बसावे, सावकाश वाचून दाखवावे, आणि ती म्हणेल तितक्यांदा पुन्हा वाचावे.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले व त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: धुरपदाबाई प्रेमराज बोरसे

साक्षीदार:
१. ज्ञानेश्वर उखर्डू साळुंखे, निवृत्त शिक्षक
२. प्रमिलाबाई निंबा पवार, आशा कार्यकर्ती

स्थळ: पिंपळदरे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६